सिक्स्थ फॉर्ममध्ये फिल्म स्टडीज: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे तिथली दहावीसारखी परीक्षा, संपली की पुढची दोन वर्षे सिक्स्थ फॉर्मची. इयर १२ आणि इयर १३. आपल्या अकरावी-बारावीच्या जागी ही वर्षे येतात, पण विषय सहा-सात नसतात. बहुतेक मुले तीनच ए-लेव्हल (या दोन वर्षांचे विषयवार अभ्यासक्रम) घेतात आणि त्या तिघांतच खोलवर जातात. फिल्म स्टडीज हा त्यांपैकी एक विषय.

नाव ऐकून मुले हुरळतात आणि आईवडील धास्तावतात. दोघांचाही समज एकच असतो की इथे दोन वर्षे कॅमेरा घेऊन हिंडायचे असते. प्रत्यक्षात अंतिम गुणांपैकी ७० टक्के लेखी परीक्षेचे आणि ३० टक्के स्वतः केलेल्या कामाचे. ज्याला निबंध लिहायचा कंटाळा आहे त्याने हे गणित आधीच पाहावे. केवळ कॅमेरा, दिवे, संकलन हेच शिकायचे असेल तर क्रिएटिव्ह मीडियाचे लेव्हल ३ डिप्लोमा असतात. त्यात लेखी परीक्षेचा भार कमी आणि प्रकल्प जास्त असतात. मीडिया स्टडीज हा आणखी वेगळा विषय आहे. त्यात वर्तमानपत्रे, जाहिराती, मालिका, ऑनलाइन माध्यमे येतात. फॉर्म भरताना या तिघांत गल्लत होते आणि ती सप्टेंबरात वर्गात बसल्यावर लक्षात येते.

प्रवेश

ओपन इव्हनिंग, म्हणजे कॉलेज पाहायला बोलावतात त्या संध्याकाळी, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात, अर्ज हिवाळ्यात जातात आणि पक्का प्रवेश ऑगस्टमध्ये जीसीएसईचा निकाल लागल्यावर होतो. बहुतेक ठिकाणी पाच विषयांत किमान ग्रेड ४ मागतात (ग्रेड १ ते ९, त्यात ९ सर्वांत वरचा). इंग्रजीत त्याहून जास्त मागणारी कॉलेजेही आहेत. आधी फिल्मचा जीसीएसई केलेला असावा लागत नाही.

महाराष्ट्रातून दहावी करून थेट इकडे आलेल्यांनी मार्कशीट, शाळेचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रे घेऊन कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात स्वतः जावे. ऑनलाइन फॉर्ममध्ये एसएससीचा रकाना सापडत नाही म्हणून अर्ज अर्धवट सोडू नका. कॉलेज स्वतःची इंग्रजी-गणिताची चाचणी घेऊ शकते, आणि ग्रेड ४ च्या तोडीचे गुण नसतील तर ए-लेव्हलसोबत ते दोन विषय पुन्हा करावे लागतात. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर सोबत आलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलांना सरकारी कॉलेजात सहसा फी नसते, पण तुमच्या व्हिसाला ते लागू आहे की नाही हे लेखी विचारून घ्या.

ओपन इव्हनिंगला चार प्रश्न नक्की विचारा. परीक्षा मंडळ कोणते? इथे शिकवले जाणारे चित्रपट कोणते? चित्रीकरण कधी करून घेता? कॅमेरा, मायक्रोफोन घरी नेता येतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना चेहरा पाहा. कपाटात नवे कॅमेरे असतात, पण चावी एकाच माणसाकडे असते.

उरलेले दोन विषय कोणते घ्यायचे? इंग्रजी साहित्य आणि इतिहास यांची फिल्मशी उत्तम गट्टी जमते, कारण निबंध लिहिण्याचा सराव तिन्हीकडे एकच. समाजशास्त्र, फोटोग्राफी हेही चालतात. इंजिनिअरिंगचा विचार मनात असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. तिसरा विषय म्हणून फिल्म घेता येतो. विद्यापीठ प्रवेशाच्या यूकास गुणांत फिल्म स्टडीजचा ए हा गणिताच्या ए इतकाच, ४८ गुणांचा धरतात. वैद्यकीय किंवा इंजिनिअरिंगसारख्या शाखा विशिष्ट विषय मागतात, तो प्रश्न वेगळा.

आणखी एक, खास पालकांसाठी. नेमलेल्या चित्रपटांत १५ आणि १८ प्रमाणपत्राचे चित्रपट असतात आणि मुले तर सोळा वर्षांची असतात. बरीच कॉलेजे त्यासाठी घरी संमतीपत्र पाठवतात. यादी आधी मागून घ्या आणि घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. ऐन वर्गात मुलाला बाहेर बसावे लागले तर तो त्या चित्रपटावरचा प्रश्नच सोडून बसतो.

अभ्यासक्रम कसा बेतलेला आहे

इथे आम्ही एज्युकास मंडळाचा ए-लेव्हल धरतो आहोत. कार्डिफच्या डब्ल्यूजेईसी या परीक्षा संस्थेचे हे इंग्लंडसाठीचे मंडळ, आणि हा अभ्यासक्रम २०१७ पासून शिकवला जातो. वेल्समध्ये रचना थोडी वेगळी आहे आणि स्कॉटलंडची पद्धतच निराळी.

दोन पेपर, प्रत्येकी अडीच तास, प्रत्येकी ३५ टक्के. दोन वर्षांत मिळून ११ चित्रपट बारकाईने करायचे असतात, शिवाय स्वतःच्या कामासाठी नेमलेले लघुपट. पहिल्या पेपरात १९३० ते १९६० मधला एक हॉलिवूडपट आणि १९६१ ते १९९० मधला एक, यांची तुलना. मग २००५ नंतरचे दोन अमेरिकी चित्रपट, एक मुख्य प्रवाहातला आणि एक स्वतंत्र निर्मितीचा. मग १९९५ नंतरचे दोन ब्रिटिश. दुसऱ्या पेपरात एक युरोपीय आणि एक युरोपाबाहेरचा चित्रपट, एक माहितीपट, मूकपट आणि १९६० ते २००० या काळातला प्रायोगिक चित्रपट.

युरोपाबाहेरच्या चित्रपटांच्या २०१७ च्या यादीत मणिरत्नम यांचा १९९८ चा 'दिल से' होता. याद्या मधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमच्या वर्षाची यादी शिक्षकांकडूनच घ्या. ओळखीचा हिंदी चित्रपट वाट्याला आला तर आनंदून जाऊ नका. ज्याची गाणी पाठ असतात त्या चित्रपटावर मुले गोष्ट सांगत सुटतात, आणि गोष्टीला गुण नाहीत.

मूकपट म्हटले की आपल्याला दादासाहेब फाळके आठवणारच. ते १९१२ मध्ये लंडनला आले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. या अभ्यासक्रमाच्या मूकपट विभागात मात्र ते नाहीत. तिथे प्रामुख्याने अमेरिका, जर्मनी आणि सोव्हिएत रशिया. या विभागात एक सापळा आहे. डिस्कवर किंवा ऑनलाइन ऐकू येणारे संगीत बहुतेकदा कित्येक दशकांनी जोडलेले असते. "दिग्दर्शकाने इथे व्हायोलिन वापरून ताण वाढवला" असे लिहिले की परीक्षकाला कळते, हा मुलगा आपण काय पाहतोय हे न तपासता लिहितोय.

चित्रपट पाहायचा कसा

सगळा विषय इथे आहे. एक चित्रपट किमान तीनदा पाहावा लागतो आणि तिन्ही वेळा वेगळ्या पद्धतीने.

पहिल्यांदा वही बंद. सलग पाहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. संपल्यावर दहा मिनिटांत लिहून काढा: कुठे हसू आले, कुठे अवघडलात, कुठे कंटाळलात, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली. प्रेक्षक म्हणून तुमचे काय झाले याची ही एकमेव खरी नोंद. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा शेवट माहीत असेल आणि हा अनुभव परत येणार नाही. स्पेक्टेटरशिप (प्रेक्षक चित्रपट कसा अनुभवतो) नावाचा जो घटक पुढे येतो, त्याचे भांडवल हेच.

दुसऱ्यांदा थांबत थांबत. दर प्रसंगाला एक ओळ: मिनिट, जागा, काय घडले. दोन तासांच्या चित्रपटाचा नकाशा साधारण तीन पानांत बसतो. तो झाला की त्यातून तीन प्रसंग निवडा, प्रत्येकी चार-पाच मिनिटांचे. सुरुवातीचा एक, मधला कलाटणीचा एक, शेवटाजवळचा एक. दोन तासांचा अख्खा चित्रपट कोणीच लक्षात ठेवू शकत नाही. परीक्षेत कामाला येतात ते हेच पंधरा-एक मिनिटांचे तुकडे.

तिसऱ्यांदा फक्त ते तीन तुकडे, प्रत्येक तुकडा पाचदा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून केवळ आवाज ऐकत, एकदा प्रत्येक कटला टेबलावर टिचकी मारत, एकदा फक्त उजेड आणि रंग पाहत, एकदा फक्त नटांचे हात आणि नजर. वेळखाऊ वाटते, पण पाच मिनिटांचा तुकडा पाचदा म्हणजे पंचवीस मिनिटे. टिचक्यांची पद्धत पोरखेळ वाटते, पण पहिल्या मिनिटात चार आणि चौथ्या मिनिटात तीस टिचक्या पडल्या की संकलनाचा वेग हा शब्द पुस्तकातून हातात उतरतो.

नोंदीसाठी पानावर चार उभे रकाने पाडा: वेळ, काय दिसते, काय ऐकू येते, त्यामुळे काय होते. चौथा रकाना रिकामा राहिला तर पहिले तीन वाया गेले.

पारिभाषिक शब्द इंग्रजीतच लिहायचे आहेत, म्हणून इंग्रजीतच पाठ करा, पण समजून मराठीत घ्या. सिनेमॅटोग्राफी म्हणजे छायालेखन, एडिटिंग म्हणजे संकलन, हे सरळ आहे. मिज-ऑं-सेन म्हणजे नेपथ्य असे म्हणून चालत नाही. नेपथ्यासोबत वेशभूषा, हातातल्या वस्तू, नटांच्या जागा हे सगळे त्यात येते. डायजेटिक ध्वनी म्हणजे पात्रांनाही ऐकू जाणारा: दाराची बेल, रेडिओ, कुकरची शिट्टी. पार्श्वसंगीत त्यांना ऐकू जात नाही, ते नॉन-डायजेटिक.

उत्तर लिहिताना

समजा, एक प्रसंग आहे. स्वयंपाकघरात आई पाठमोरी भाजी चिरते आहे. मुलगी दारात येते आणि नोकरी सुटल्याचे सांगते. यावर सर्वाधिक मुले लिहितात ते असे: "क्लोज-अपमुळे आपल्याला मुलीच्या भावना कळतात." हे वाक्य जगातल्या कुठल्याही चित्रपटावर चिकटवता येते, म्हणून त्याला किंमत नाही.

आता हे पाहा. "कॅमेरा बाहेरच्या पॅसेजमध्येच थांबतो आणि दाराच्या चौकटीत मुलगी दोन्ही बाजूंनी दाबली जाते. सुमारे चाळीस सेकंद कट नाही, त्यामुळे तिच्यासारखीच आपलीही सुटका होत नाही. ती मुख्य वाक्य बोलते तेव्हाच कुकरची शिट्टी होते. आईला ऐकू गेले की नाही, कळत नाही. पहिला कट येतो तो आईच्या थांबलेल्या सुरीवर, चेहऱ्यावर नाही." इथे जागा, वेळ, आवाज आणि संकलन चारही आले आणि प्रत्येकाचा परिणामही आला. भावना हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही.

दुसरी हमखास चूक काळाच्या संदर्भाची. मुले पहिला परिच्छेद इतिहासाचा लिहितात, मग चित्रपटाकडे वळतात, आणि दोहोंची गाठ पडतच नाही. उदाहरणार्थ, हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे नाही याची नियमावली, १९३४ पासून कडक अमलात आला आणि १९६८ मध्ये गेला. नुसते एवढे लिहून उपयोग नाही. जुन्या चित्रपटात दोघे एकमेकांजवळ येतात आणि दृश्य विरघळून थेट सकाळ का दिसते, हे त्या कोडशी जोडले तर तो संदर्भ. तसेच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या पॅरामाउंट निकालाने मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. ठरावीक गिऱ्हाईक गेले, आणि पुढे वेगळ्या तऱ्हेच्या चित्रपटांना, नव्या दिग्दर्शकांना वाट मिळाली. १९६० ची सीमारेषा अभ्यासक्रमात का आखली असेल, याचा अंदाज मग येतो.

पहिल्या पेपरात १५० मिनिटे आणि तीन प्रश्न, प्रत्येक ४० गुणांचा. म्हणजे एकाला ५० मिनिटे: पाच आखणीला, चाळीस लिहायला, पाच वाचायला. बहुतेकांचा पहिला प्रश्न ६५ मिनिटे खातो आणि तिसरा अर्ध्यावर सुटतो. दोन चित्रपटांच्या उत्तरात एकाला दोन पाने आणि दुसऱ्याला अर्धे पान, हेही रोजचेच. घरी सराव करताना घड्याळ लावा आणि वेळ संपली की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवा.

स्वतःची फिल्म

३० टक्क्यांसाठी दोन वाटा आहेत. एक, ४ ते ५ मिनिटांचा लघुपट. दुसरी, १६०० ते १८०० शब्दांची पटकथा आणि तिच्यातल्या महत्त्वाच्या भागाचा फोटो काढून केलेला स्टोरीबोर्ड, सुमारे २० चौकटींचा. दोन्ही वाटांना जोडून १६०० ते १८०० शब्दांचे मूल्यमापन लिहावे लागते. दुसरी वाट सोपी समजू नका. ज्याला माणसे जमवणे जड जाते पण लिहिता येते त्याच्यासाठी ती आहे. काम एकट्याचे असते. मित्र अभिनय करू शकतात, तुमच्या सांगण्यावरून माइक धरू शकतात, पण गुण तुमच्या निर्णयांना आहेत.

गोष्ट छोटी घ्या. दोन पात्रे, एक-दोन जागा, एकच बदल. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणून चार पानांवर थांबा; शांत जागा पडद्यावर हमखास लांबतात. गजराच्या घड्याळाने सुरू होणारी आणि स्वप्न होते म्हणून संपणारी गोष्ट दरवर्षी येते, तुमची नसली तरी चालेल. सतरा वर्षांच्या मित्राला मिशा रंगवून बाप करू नका. बाप हवा असेल तर खरा काका विचारा. मराठी संवाद ठेवायचे असतील तर शिक्षकांना आधी सांगा आणि इंग्रजी सबटायटल द्या. खेळण्यातले पिस्तूल घेऊन रस्त्यावर शूटिंग मुळीच नाही. कोणीतरी पोलिसांना फोन करतेच.

फोनचा कॅमेरा पुरतो, पण तीन गोष्टी बसवून घ्या. इथली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ फ्रेम प्रति सेकंद आणि शटर १/५० ठेवा. फोन मुळात ३० फ्रेमवर असतो आणि शटर आपल्या मनाने बदलतो. मग एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर निघत नाहीत. आयफोनमध्ये २५ साठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करावे लागतात. एचडीआर बंद करा, नाहीतर संकलनात रंग फटफटीत दिसतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कोणी खिडकीसमोरून गेले की सगळी खोली काळी पडते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप हे सगळे हाताने ठरवू देते.

आणि आवाज! घोडे पेंड खाते ते इथे. थोडे हललेले चित्र चालते, पण संवाद कळले नाहीत तर फिल्म संपली. कॅमेऱ्याच्या फोनवर आवाज सोडू नका. दुसऱ्या फोनला कॉलरचा छोटा माइक लावून तो नटाच्या खिशात टाका, प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फायली जुळवता येतील. आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकला की फाटतो. फ्रिज बंद करा आणि घराची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायची आठवण राहते. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित करा. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

शूटिंगला दोन दिवस धरा आणि शॉटची यादी कागदावर करा. प्रत्येक प्रसंग आधी पूर्ण, लांबून, मग जवळून, मग हात, वस्तू, नजर असे सुटे शॉट. हे सुटे शॉट आळसाने राहतात, आणि संकलनात चूक झाकायला नेमके तेच लागतात. दोन पात्रांमधून एक काल्पनिक रेषा धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बोलताना दिसतात. उजेडाचे भान ठेवा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे जातात आणि डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. कॉलेज सुटल्यावर बाहेरचे दृश्य घेऊ, हा बेत तेव्हा कोलमडतो. बाहेरचे सगळे सप्टेंबरात उरका.

त्याच रात्री सगळ्या फायली दोन जागी उतरवा. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती संकलनाला पुरेशी आहे. फोनची फाइल कधी कधी बदलत्या फ्रेमरेटची असते आणि आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो. तसे दिसले तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ती स्थिर २५ वर बदलून घ्या आणि मग संकलनाला बसा. पहिली जुळणी हमखास सात मिनिटांची होते. कापायला प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीपासून लागा: दार उघडणे, आत येणे, बसणे, यातले बहुतेक नको असते. गाजलेले गाणे मागे लावू नका. ते दुसऱ्याचे काम आहे, तुमच्या गुणांत धरले जात नाही, आणि पुढे ही फिल्म कुठल्या महोत्सवाला पाठवायची तर हक्कांचा प्रश्न येतो.

मूल्यमापनासाठी शूटिंगच्या दिवसापासूनच रोज चार ओळी लिहा: काय ठरवले होते, काय झाले, का बदलले. मूल्यमापनात तुमच्या निर्णयांची नेमलेल्या लघुपटांशी सांगड घालावी लागते. "पाऊस आला म्हणून उशीर झाला" हे तिथे नको. "पावसामुळे प्रसंग बसस्टॉपच्या छपराखाली घेतला, त्यामुळे दोघांना जवळ उभे करावे लागले आणि भांडण कुजबुजीत गेले" हे हवे, आणि अमुक लघुपटात अशीच अपुरी जागा कशी वापरली आहे हेही. फाइल देण्याआधी ती कॉलेजच्या संगणकावर, तिथल्या स्पीकरवर एकदा पूर्ण चालवून पाहा. घरच्या हेडफोनवर छान वाटलेला संवाद तिथे संगीताखाली बुडालेला सापडतो, आणि तो वर आणायला अर्धा तास हाताशी लागतो.